लाल झाकण, निळं झाकण

वजनाचा काटा कालच्यापेक्षा पुढे गेलेला पाहून मोठ्या सिस्टरनी पहिला संशय काट्यावरच घेतला.

"उतरा," त्या म्हणाल्या. कंडक्टरबाई उतरल्या.

"आता चढा." कंडक्टरबाई चढल्या. काटा इमानदारीत पुन्हा तिथेच जाऊन थांबला.

"अख्खी नोकरी लोकांना 'चढा, उतरा' म्हणून ओरडण्यात गेली," कंडक्टरबाई धापा टाकत म्हणाल्या, "ते सगळं आज माझ्यावरच उलटलं बघा."

मोठ्या सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी बूट काढले आणि स्वतः काट्यावर उभ्या राहिल्या. त्यांचं वजन गेल्या कित्येक वर्षांत हललेलं नव्हतं, ते आजही हललं नाही. मग शेजारच्या वॉर्डातून दुसरा काटा मागवला. तोही पहिल्या काट्याच्याच बाजूने बोलला. म्हणजे काटा खरा होता आणि कंडक्टरबाईंच्या अंगात पाणी वाढलं होतं. हे पटणं कठीण होतं, कारण त्यांना पाणी मोठ्या सिस्टर स्वतःच्या हाताने मोजून देत होत्या. आपल्या वॉर्डात पाण्याचा थेंबदेखील आपल्याला विचारल्याशिवाय कोणाच्या घशाखाली उतरत नाही अशी त्यांची खात्री होती. खात्रीचा तुटवडा त्यांना कधीच पडला नव्हता.

हा बायकांचा मेडिकल वॉर्ड. इथे चिरफाड नसते. इथे येतात ती वर्षानुवर्षांची दुखणी, मधूनच उसळी मारलेली. कोणाचं हृदय, कोणाची साखर, कोणाचा दमा, कोणाचं मूत्रपिंड. अशा वॉर्डात काहींना पाणी पिण्याची बंदी असते आणि काहींना पाणी पिण्याची सक्ती. बंदीवालीला दिवसभर तहान लागते आणि सक्तीवालीला ग्लास पाहूनच मळमळतं. हा काही डॉक्टरी नियम नाही, पण त्याला अपवाद अजून कोणी पाहिलेला नाही.

यावर मोठ्या सिस्टरनी झाकणांची युक्ती काढली होती. बंदीवालीच्या बाटलीला लाल झाकण. त्यात सकाळी मोजून पाणी भरायचं आणि तेच दिवसभर पुरवायचं. सक्तीवालीच्या बाटलीला निळं झाकण. ती भरायची, रिकामी करायची, पुन्हा भरायची. नातेवाईक असोत, सफाईवाल्या मावशी असोत, झाकण पाहिलं की कळलं. पूर्वी नातेवाईक मायेपोटी भलतीलाच पाणी पाजून जायचे. "मायेने माणूस जितका सुजतो तितका दुसऱ्या कशानेही सुजत नाही," हे मोठ्या सिस्टरचं ठरलेलं वाक्य होतं.

झाकणांची कीर्ती वर मेट्रनच्या कानावर गेली होती. शुक्रवारी मेट्रन बाकीच्या वॉर्डांच्या सिस्टरना घेऊन ही युक्ती बघायला येणार होत्या. पसंत पडली तर सगळ्या हॉस्पिटलात लाल-निळी झाकणं लागणार होती. मोठ्या सिस्टरनी छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, "नुसती झाकणं नाही दाखवणार मेट्रन. आमच्या कंडक्टरबाई चपला घालून घरी निघालेल्या दाखवते."

ही चपलांची गोष्ट अशी. कंडक्टरबाईंचं हृदय दमलेलं होतं. दमलेल्या हृदयाला अंगातलं जास्तीचं पाणी उपसता येत नाही. ते आधी पायांत साठतं, मग छातीत चढतं. बाई भरती झाल्या तेव्हा पाय इतके सुजलेले होते की चपला त्यांच्या मिस्टरांनी पिशवीत घालून आणल्या होत्या. मोठ्या सिस्टरनी त्या चपला पलंगाखाली जोडीने मांडल्या आणि म्हणाल्या, "ज्या दिवशी ह्या तुमच्या पायात शिरतील त्या दिवशी तुम्ही घरी. माझा शब्द." तेव्हापासून रोज सकाळी वजन झालं की चपलांची परीक्षा व्हायची. आधी नुसती बोटं शिरली, मग चवडा शिरला. सोमवारी तर टाच जेमतेम बाहेर राहिली होती. आणि आज बुधवारी अंगठादेखील आत जाईना.

"असं कसं झालं हो सिस्टर?" कंडक्टरबाईंनी विचारलं. त्यांचा चेहरा खरोखरच पडला होता. घरी जायची ओढ त्यांना होतीच. फक्त तहान त्याहून जवळ होती.

"शोधते मी," मोठ्या सिस्टर म्हणाल्या आणि वळताना त्यांनी कमरेवर हात दाबला. दोन दिवसांपासून पाठीला उसण भरली होती. पेशंट उचलून उचलून भरायचीच.

"सिस्टर, तुमची बाटली भरलेलीच आहे," धाकट्या सिस्टर टेबलाकडे बोट दाखवून म्हणाल्या. "कालही तशीच घरी नेलीत."

"ड्युटीवर नर्सने पाणी प्यायचं नसतं ग बाई. पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि आपण गेलो की नेमकी तेव्हाच कोणीतरी पलंगावरून पडते." हा नियम मोठ्या सिस्टरनी स्वतःपुरता केला होता आणि वर्षानुवर्षं पाळला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा ऐन टेबलावर ठेवलेला होता.

डॉक्टर राउंडला आले तेव्हा त्यांनी कंडक्टरबाईंची नडगी अंगठ्याने दाबली. खड्डा पडला आणि सावकाश भरून आला. डॉक्टरांनी मान हलवली, लघवीचं इंजेक्शन वाढवलं आणि ते शेजारच्या पलंगाकडे वळले.

शेजारी होत्या टेलरबाई. आयुष्य शिलाई मशीनवर गेलेलं. उठलं की टीप चुकते म्हणून उठायचं नाही, आणि उठायला लागू नये म्हणून पाणी प्यायचं नाही. शेवटी मूत्रपिंडातून निघालेला एक बारीक खडा नळीत येऊन अडकला होता. भरपूर पाणी प्यायलं तर तो आपसूक पडेल असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. नाही पडला तर आत यंत्र घालून काढावा लागेल. यंत्र म्हटलं की जन्मभर सुया हाताळलेल्या टेलरबाईंना घाम फुटायचा.

"पाणी पिताय ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"ही काय बाटली. रिकामी." टेलरबाईंनी निळ्या झाकणाची बाटली उलटी करून दाखवली.

"मग लघवी इतकी पिवळी कशी? आणि खडा जागचा हलत का नाही?"

"आता ते मला काय ठाऊक डॉक्टर? मी काय आत जाऊन बघितलंय?"

डॉक्टर मोठ्या सिस्टरकडे वळले. "गंमत आहे. इथे पाणी आत जातंय, पण बाहेर येत नाहीये. तिथे आत जात नाहीये, तरी अंगात वाढतंय. शुक्रवारपर्यंत ह्यांचा खडा हलला नाही तर यंत्र, आणि त्यांचं वजन उतरलं नाही तर घर विसरा."

"पाणी कुठेतरी मुरतंय डॉक्टर," मोठ्या सिस्टर दोन्ही पलंगांच्या मधोमध उभ्या राहून म्हणाल्या. "मी छडा लावते."

कुठे मुरत होतं ते तुमच्या केव्हाच लक्षात आलं असेल. मोठ्या सिस्टरच्या आलं नाही. त्यांना बोल लावण्यात मात्र अर्थ नाही, कारण दोन्ही बाटल्या अगदी शहाण्यासारख्या वागत होत्या. लाल झाकणाच्या बाटलीत संध्याकाळी मोजून तेवढंच पाणी उतरलेलं असायचं आणि निळ्या झाकणाची बाटली तळापर्यंत रिकामी. जिथे सगळं बरोबर दिसतं तिथे माणूस शोधत नाही. तो गावभर शोधतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशातली गत.

पहिला वळसा कंडक्टरबाईंच्या मिस्टरांना पडला. हे गृहस्थ रोज दुपारी कापडी पिशवी घेऊन यायचे, बायकोशेजारी मुकाट बसायचे आणि मुकाट जायचे. मुकाट माणसावर संशय घेणं सोपं असतं. मोठ्या सिस्टरनी पिशवी टेबलावर उलटी केली. आतून टॉवेल, कंगवा, पावडरचा डबा आणि एक काकडी निघाली.

"ही काय?" मोठ्या सिस्टरनी काकडी उचलली.

"माझी आहे," मिस्टर म्हणाले. "बसमध्ये खातो मी."

"काकडीत किती पाणी असतं माहितीये?"

"माहितीये ना. म्हणून तर हिच्यासमोर खात नाही." मिस्टरांनी बाहीने डोळे पुसले. "सिस्टर, घरी मी फ्रीजला कुलूप लावलंय. हिला दात घासायला पाणी देतो तेसुद्धा शेजारी उभा राहून. आणि तुम्ही माझ्यावर संशय घेता?"

"अहो, जाऊ द्या," कंडक्टरबाई घाईने म्हणाल्या. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी बघून त्यांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी शेजारी टेलरबाईंकडे एक चोरटा कटाक्ष टाकला. टेलरबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, पण तपास काही थांबला नाही. अंग पुसायच्या ओल्या फडक्यातून बाई पाणी चोखत असतील म्हणून फडकं कोरडं ठक्क पिळून द्यायला सुरुवात झाली. चूळ भरताना गिळत असतील म्हणून प्रत्येक चूळ मोठ्या सिस्टरच्या समोर, मापाने आत आणि मापाने बाहेर. दम्यावाल्या आजींच्या टेबलावर फुलदाणी होती, तिच्यातलं पाणी मोठ्या सिस्टरना कमी वाटलं. फुलदाणी जप्त झाली आणि आजींना रडू कोसळलं, कारण फुलं नातवाने आणली होती.

"सिस्टर, फुलदाणीतलं पाणी कोण पिईल हो?" धाकट्या सिस्टर दबक्या आवाजात म्हणाल्या.

"तहान लागलेलं माणूस काय करेल सांगता येत नाही. तुला अनुभव नाही अजून."

गुरुवारी वजन आणखी वाढलं. रात्री आडवं झालं की कंडक्टरबाईंचा श्वास अडायला लागला म्हणून पाठीमागे आणखी एक उशी आली. आता मात्र मोठ्या सिस्टरना मेट्रनपेक्षा कंडक्टरबाईंची काळजी लागली. ह्या बाईला आपण शब्द दिलाय आणि ती आपल्या डोळ्यांदेखत सुजतेय, हे त्यांना सहन होईना. दुपारी जेवायला बसल्या तरी घास उतरेना. पाणी तर त्या पितच नव्हत्या.

विचार करता करता त्यांच्या लक्षात आलं की कंडक्टरबाई हात धुवायला वॉर्डाच्या टोकाच्या बेसिनवर फार वेळा जातात. झालं! त्यांनी मिस्त्रीला बोलावलं.

"ह्या एका नळाचं पाणी उद्यापर्यंत बंद करा. पेशंटनी जंतुनाशकाने हात चोळावेत. धुवायचं झालं तर मावशी बादलीतून देतील."

मिस्त्रीने पान्याने कुठलीशी चावी फिरवली. बेसिनचा नळ बंद झाला. मोठ्या सिस्टर समाधानाने घरी गेल्या. त्या चावीवर ती सगळीच बाजू होती हे मिस्त्रीला ठाऊक होतं, पण त्याला कोणी विचारलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी वॉर्डात हाहाकार होता. स्वच्छतागृहात पाणी नाही, भांडी धुवायच्या मोरीत पाणी नाही, नर्सच्या बेसिनला पाणी नाही. मावशी बादल्या घेऊन जिन्यावरून खाली-वर करत होत्या आणि प्रत्येक फेरीला मोठ्या सिस्टरना ऐकू जाईल एवढ्या आवाजात देवाचं नाव घेत होत्या. आजी फुलांसाठी रुसून बसल्या होत्या. मिस्त्रीचा पत्ता नव्हता. आणि जिन्यातून बुटांचे आवाज आले. मेट्रन आपल्या ताफ्यासह वेळेआधीच हजर झाल्या.

मेट्रनची एक सवय होती. कुठल्याही वॉर्डात शिरल्या की आधी हात धुवायच्या आणि मग बोलायच्या. त्या थेट बेसिनकडे गेल्या आणि त्यांनी नळ फिरवला. नळाने एक उचकी दिली आणि तो गप्प झाला. पाण्याची योजना बघायला आलेल्या मेट्रनना हात धुवायला पाणी मिळेना.

"या ना मॅडम, इकडे या," टेलरबाई पलंगावरून तत्परतेने म्हणाल्या. "माझ्या बाटलीतलं घ्या. अगदी सगळं संपवा, काही संकोच करू नका."

इतक्या दिलदारीनेसुद्धा मोठ्या सिस्टरच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. त्यांना वाटलं, काय गुणी पेशंट आहे! धाकट्या सिस्टरनी तसराळं धरलं, मेट्रनचे हात धुवून झाले, बाटली पुन्हा भरून आली आणि मोठ्या सिस्टर सावरल्या. असल्या प्रसंगी डगमगतील तर त्या मोठ्या सिस्टर कसल्या?

"हे दोन पलंग बघा," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "मुद्दाम शेजारी-शेजारी घेतलेत, माझ्या टेबलासमोर. कंडक्टरबाई आधी त्या टोकाला होत्या, त्यांना मंगळवारी इथे हलवलं. एकीकडे लाल, एकीकडे निळं. एका नजरेत फरक कळतो."

"छान दिसतंय," मेट्रन म्हणाल्या. "आणि ह्या खरंच एवढं पाणी पितात?"

"पितात म्हणजे! टेलरबाई, पिऊन दाखवा बरं मेट्रनना."

हात दाखवून अवलक्षण ते हेच. टेलरबाई क्षणभर चपापल्या, पण इतक्या जणी रोखून बघत असताना नाही कसं म्हणणार? त्यांनी निळं झाकण उघडलं. ग्लास भरला. आणि मग, तीन दिवसांच्या सवयीने, नजर सरळ खिडकीबाहेर ठेवून त्यांनी तो ग्लास मधल्या कपाटावरून डावीकडे सरकवला. कंडक्टरबाईंनीही, नजर सरळ समोरच्या भिंतीवर ठेवून, उजवा हात लांब केला, ग्लास उचलला, गटागटा रिकामा केला आणि तोंड पुसून जागच्या जागी ठेवून दिला. टेलरबाईंनी तो घेतला आणि मेट्रनना उलटा करून दाखवला.

"रिकामा," त्या म्हणाल्या.

सगळ्या सिस्टरनी आधी ग्लासाकडे आणि मग कंडक्टरबाईंकडे पाहिलं. आपण काय केलं ते त्या दोघींना सगळ्यांत शेवटी कळलं. कंडक्टरबाईंनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.

"अरे देवा!" आज सकाळीच येऊन दारात उभ्या राहिलेल्या कंडक्टरबाईंच्या मिस्टरांच्या हातून पिशवी गळून पडली.

"मला पाणी जात नाही हो," टेलरबाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "आणि ह्यांना मिळत नाही. दोघींचाही जीव मेटाकुटीला आलेला. म्हटलं, वाया कशाला घालवायचं?"

"आणि तुम्ही?" मोठ्या सिस्टरनी कंडक्टरबाईंना विचारलं. "घरी नाही जायचं तुम्हाला?"

"जायचंय हो. रोज ठरवायचे, आजचा शेवटचा घोट, उद्यापासून बंद." पांघरुणातून आवाज आला. "पण समोरून ग्लास आला की हात आपला पुढे व्हायचा. जन्मभर हात पुढे करून पैसे घेतलेत ना, सिस्टर."

मोठ्या सिस्टरना आठवलं. मंगळवारी पलंग हलवला आणि बुधवारी वजन वाढलं. पाण्याच्या बंदीला त्यांनी पाण्याच्या सक्तीशेजारी स्वतःच्या हाताने नेऊन ठेवलं होतं, आणि तेही शोभेसाठी. दुसरी कोणी असती तर तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं असतं. मोठ्या सिस्टरनी मान ताठ केली.

"बघितलंत मेट्रन?" त्या म्हणाल्या. "झाकणं बरोबर आहेत. पलंग चुकले."

मेट्रनच्या ओठांचा कोपरा हलला. पण मोठ्या सिस्टर आता थांबणार नव्हत्या. त्या टेलरबाईंकडे वळल्या. "आणि तुम्हाला काय वाटतं, मूत्रपिंड म्हणजे चेष्टा आहे? दिवसदिवस पाणी प्यायचं नाही, जायला लागतं म्हणून! उठायला लागतं म्हणून! मग पोटात खडे होणार नाहीत तर काय मोती होणा..."

वाक्य तिथेच तुटलं. मोठ्या सिस्टरनी कमरेवर हात दाबला. कळ पाठीतून निघाली, कुशीतून खाली उतरली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांना बसवेना आणि उभंही राहवेना. धाकट्या सिस्टरनी धावत येऊन त्यांना धरलं, आणि धरता धरता त्यांची नजर टेबलावरच्या बाटलीकडे गेली. ती काठोकाठ भरलेली होती.

"ही उसण नाहीये, सिस्टर," धाकट्या सिस्टर हळूच म्हणाल्या.

डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं गेलं, सोनोग्राफी झाली. उसण नव्हतीच. टेलरबाईंच्यासारखाच खडा होता, त्याच बाजूला, फक्त आकाराने जरा थोर. पदाला साजेसा.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," कंडक्टरबाई पांघरुणातून पुटपुटल्या. कोणी रागावलं नाही, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं.

जाताना मेट्रन म्हणाल्या, "तुमच्या योजनेचं मी सोमवारी ठरवते. तोवर पाणी प्या."

मिस्त्री सापडला, नळ सुरू झाले आणि आजींना फुलदाणी परत मिळाली. टेलरबाईंना वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला नेण्यात आलं. तिथे दम्यावाल्या आजी त्यांच्यावर पहारा करायला बसल्या. आजींना कुठेतरी राग काढायचाच होता, त्यामुळे पाणी भराभर संपलं आणि शनिवारी संध्याकाळी खडा लघवी गाळायच्या जाळीवर टणकन पडला. टेलरबाईंनी तो बटणासारखा निरखून पाहिला.

त्याआधी शुक्रवारीच मोठ्या सिस्टरना कुठे ठेवायचं हा प्रश्न आला होता. रिकामा होता तो फक्त टेलरबाईंचा जुना पलंग, कंडक्टरबाईंच्या शेजारचा.

"सिस्टर, निळं झाकण लाल झाकणाशेजारी नको," धाकट्या सिस्टर म्हणाल्या.

"मी इथेच पडणार. इथून टेबल दिसतं. आणि माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" मोठ्या सिस्टर म्हणाल्या. धाकट्या सिस्टरनी पुढे वाद घातला नाही. त्यांनी निळ्या झाकणाची बाटली आणून उशाशी ठेवली.

पाणी पिणं ही किती कष्टाची गोष्ट असते ते मोठ्या सिस्टरना आयुष्यात पहिल्यांदा कळलं. पहिला ग्लास गेला. दुसरा अडखळत गेला. तिसरा ग्लास समोर आला की पोटात ढवळायचं. आजवर हजारो बायकांना त्यांनी "प्या, प्या, काय होतंय!" म्हटलं होतं. काय होतंय ते आता होत होतं. त्यातून टेलरबाई घरी जाताना पलंगाशी थांबल्या आणि अगदी आपुलकीने विचारून गेल्या, "काय सिस्टर, मोती निघाले का?"

इकडे कंडक्टरबाईंचं वजन मात्र भराभर उतरलं. शनिवारी चवडा, रविवारी टाच, आणि सोमवारी सकाळी दोन्ही चपला पायात शिरल्या त्या सुळकन शिरल्या. कंडक्टरबाई पलंगाच्या कडेला बसून पायांकडे बघत राहिल्या. त्यांचे मिस्टर समोर उभे राहून चक्क हसले. डॉक्टरांनी घरी जायची परवानगी दिली, मेट्रनही यायच्या होत्या. मोठ्या सिस्टरना मनापासून आनंद झाला. दिलेला शब्द खरा झाला होता. तीन दिवस उशिरा झाला, पण झाला.

फक्त त्यांच्या हातात सकाळपासूनचा तिसरा ग्लास होता. धाकट्या सिस्टर पाठमोऱ्या होत्या. मिस्टर पिशवी भरत होते. मोठ्या सिस्टरनी एकदा ग्लासाकडे पाहिलं, एकदा शेजारच्या पलंगाकडे पाहिलं. मग त्यांची नजर सरळ खिडकीबाहेर गेली, आणि त्यांचा हात आपोआप, हळूहळू, मधल्या कपाटावरून डावीकडे सरकायला लागला.

कंडक्टरबाईंनी ग्लास पाहिला. त्यांचा उजवा हात उठला. मग त्यांनी पायांतल्या चपलांकडे पाहिलं, हात मागे घेतला, आणि भर बसमध्ये फुकट्या प्रवासी पकडल्याच्या आवाजात ओरडल्या, "सिस्टर! ओ धाकट्या सिस्टर! ह्या बघा, ह्या पीत नाहीयेत!"

सगळा वॉर्ड वळला. मोठ्या सिस्टरनी ग्लास मागे ओढला, पण उशीर झाला होता. दारात मेट्रन उभ्या होत्या.

"मी फक्त... तो जरा बाजूला ठेवत होते," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात खात्री नव्हती.

धाकट्या सिस्टर शांतपणे आल्या. त्यांनी पायाने पलंगाच्या चाकांचा ब्रेक सोडला. "झाकणं बरोबर आहेत, सिस्टर," त्या म्हणाल्या. "पलंग चुकला." आणि त्यांनी पलंग ढकलायला सुरुवात केली. पलंग, बाटली, मोठ्या सिस्टर, सगळं एकदम, वॉर्डाच्या त्या टोकाला, जिथे दम्यावाल्या आजी बाह्या सरसावून वाट बघत होत्या.

"मला पटली योजना," मेट्रन हसत म्हणाल्या. "सगळ्या वॉर्डांत झाकणं लावू. आणि प्रत्येक नर्सच्या टेबलावरही एक बाटली. निळ्या झाकणाची."

मोठ्या सिस्टरनी पलंगावरून जाता जाता मान ताठ केली, ग्लास तोंडाला लावला आणि सगळ्यांदेखत एका दमात रिकामा केला. मागून टाळ्या पडल्या. कंडक्टरबाईंनी चपला घातलेल्या पायांवर उभं राहून लाल झाकणाच्या बाटलीवर चमचा दोनदा वाजवला, टण् टण्.

"पुढे चला!" त्या ओरडल्या. "मध्ये कुठे थांबणार नाही!"